हवा मोजणारा बांते

शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या गावचे संशोधक’ असा लेख लिहून द्या म्हणून मागच्या महिन्यात दोन तरुण माझ्याकडे आले. त्यांना तुळशीराम बांतेची माहिती हवी होती, फोटो असेल तर फोटोही. आज प्रत्येक मोटारीत जे यंत्र असतं, ते आपल्या लाखनीच्या माणसानं चाळीस वर्षांपूर्वी घरी बनवलं होतं, असं ते मोठ्या कौतुकानं सांगत होते. मी त्यांना चहा दिला आणि लेख लिहिणार नाही म्हणून सांगितलं. त्यातल्या एकाच्या आजोबांनी बांतेच्या दुकानाच्या फळ्यांवर शेण फेकलं होतं. ते मी पाहिलं होतं, त्या पोराला ठाऊक नव्हतं.

स्मरणिकेत शोभेल असा बांते माझ्याकडे नाही. जो आहे तो लिहितो, आणि रागानं लिहितो. वय झालं की राग निवळतो म्हणतात. माझा निवळला नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी लाखनीच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचो. हायवेच्या कडेला, एका टायरवाल्याच्या आणि पानठेल्याच्या मधे, बांतेचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो मूळचा करडीचा. शेती थोरल्या भावाकडे, आणि हा नागपूरला कुठल्याशा दुकानात रेडिओचं काम शिकून इकडे आलेला. उंच, हाडकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सदऱ्यावर सोल्डरचे, म्हणजे टाके मारायच्या कथलाचे, थेंब उडून पडलेली बारीक बारीक भोकं. समोरून ट्रक गेला की दुकानातली सगळी डबडी वाजायची, आणि तो हातातलं काम थांबवून ट्रक पुरता जाईपर्यंत त्याच्याकडे रोखून पाहायचा.

मी पहिल्यांदा त्याच्याकडे रेडिओ नेला तेव्हा म्हणालो, बिघडला आहे. त्यानं रेडिओला हातच लावला नाही. काय बिघडलं, विचारलं. मी म्हणालो, नीट चालत नाही. आवाज येतच नाही की येऊन जातो? गेला तर किती वेळानं जातो? सकाळी जातो की संध्याकाळी? मी म्हणालो, साधारण अर्ध्या तासानं जात असेल. त्यानं रेडिओ माझ्याकडे परत सरकवला.

“अंदाज कायले सांगता जी मास्तर? घरी घड्याळ आहे ना? पाहून या, मग बोलू.”

मी चिडलो. घरी येऊन घड्याळ लावून बसलो. तेवीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी बावीस. ते जाऊन सांगितल्यावर त्यानं पाच मिनिटांत कुठला भाग तापून बंद पडतो ते काढून दाखवलं. त्या दिवसापासून माझी त्याच्याकडे बैठक सुरू झाली.

त्याचा राग आरडाओरडीचा नव्हता. उलट आवाज खाली यायचा आणि तो प्रश्न विचारायला लागायचा. कोणी म्हणालं की यंदा पाणी कमी झालं, की हा विचारायचा, किती कमी, कुठं मोजलं. कोणी म्हणालं की अमक्याची नियत खराब आहे, की विचारायचा, तुले कसं समजलं, तू पाह्यलं का. माणसं त्याला टाळायची. पाठीमागं त्याला ‘मीटर’ म्हणायची. त्याला ते माहीत होतं, आणि त्याची पर्वा नव्हती.

त्याला एकच जिवाभावाचा मित्र होता, गुलाब पटले. बपेऱ्याकडचा हा माणूस लग्नानंतर लाखनीत राहायला आलेला. मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी पेट्रोल जीप घेऊन तो हायवेवर सवारी मारायचा. गुलाब बोलघेवडा, हसरा. त्याची जीप पेट्रोल फार प्यायची, घाटात गुदमरायची, थंडीत सुरू व्हायची नाही. मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा पेच इकडे, पाव पेच तिकडे फिरवायचा आणि म्हणायचा, आता जमेल. हे पाहून बांतेच्या कपाळाची शीर उडायची. इंजिन पेट्रोल आणि हवा दोन्ही ओढतं, पेट्रोल तुम्ही मोजता, आणि हवा पंधरा पट लागते ती कोणीच मोजत नाही, असं तो मला कितीदा तरी म्हणाला.

एकदा गुलाब नागपूरच्या कबाड्याकडून एक पोतं घेऊन आला. कुठलीतरी परदेशी मोटार चेचून आली होती, तिचं सामान. त्यात कार्बोरेटर नव्हताच. त्याऐवजी पेट्रोलच्या चार छोट्या पिचकाऱ्या होत्या, विजेवर उघडणाऱ्या. दाबानं पेट्रोल ढकलणारा एक पंप होता. आणि ॲल्युमिनियमची एक चेपलेली पेटी होती, तिच्या तोंडाशी झडप. गुलाबला वाटलं होतं भंगारात विकू. बांतेनं ती पेटी उघडली. मग मला जवळ बोलावलं. झडप बोटानं ढकलली की आत एक काटा काळ्या पट्टीवरून सरकत होता.

“हे का आहे सांगा. हे आपल्या रेडिओचं आवाजाचं बटन आहे जी. आपन बोटानं फिरवतो, हे वाऱ्यानं फिरते.”

मी त्याला हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

झडप सांगणार की इंजिननं किती हवा ओढली, आणि दुसरी एक विजेची पेटी त्या हिशेबानं पिचकारीला सांगणार की इतका वेळ उघड आणि मिट. एवढं त्याला तिथल्या तिथं समजलं. पण मूळच्या मोटारीतली विजेची पेटी जळून गेलेली, झडपही वाकडी. दोन्ही त्यानं नव्यानं बनवायला घेतली. झडपेसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, गजराच्या घड्याळाची स्प्रिंग लावली, जुन्या रेडिओचं बटन बसवलं. आता प्रश्न असा की झडप इतकी उघडली म्हणजे हवा किती? मी म्हणालो, अंदाजानं खुणा कर. ते बोलायला नको होतं. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

नवव्या दिवशी मला सायकलवर करडीला घेऊन गेला. भावाच्या शेतात बोडी होती, धानाला पाणी द्यायचं छोटं तळं. त्यात त्यानं दोनशे लिटरचा ऑइलचा ड्रम पालथा घातला होता. ड्रमच्या वरच्या अंगाला नळी, नळीच्या टोकाला ती झडप. ड्रमवर दगड ठेवला की ड्रम पाण्यात बसत जायचा आणि आतली हवा झडपेतून बाहेर पडायची. दोनशे लिटर हवा किती सेकंदांत गेली ते मी माझ्या घड्याळावर पाहायचं. मग ड्रम उपसायचा, पुन्हा पालथा घालायचा, आणखी दगड. असं आम्ही तीन दिवस केलं. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो आकडे सांगायचा आणि मी वहीत लिहायचो. बांधावर अर्धं गाव जमलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय करून राहिला रे बाबू. बांतेनं अगदी गंभीरपणे सांगितलं, हवा मोजून राहिलो, आजा.

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “कोनाची?”

बांधावरची माणसं हसून लोळली. ही गोष्ट पुढं लाखनीच्या हॉटेलांत वर्षभर फिरली. ‘कोनाची’ म्हटलं की हसायचं. वहीतले आकडे पाहायला मात्र कोणी आलं नाही.

हिवाळ्यात त्यानं ते सगळं गुलाबच्या जीपला बसवलं. जीप पहिल्या चावीला सुरू झाली. तीन महिने अशी चालली की गुलाब सवाऱ्यांना बॉनेट उघडून दाखवायचा. मग मे महिना आला. सकाळी जीप ठीक, आणि दुपारी दोनच्या उन्हात काळा धूर सोडायची, झटके द्यायची. गुलाब म्हणाला, तुझ्या पेटीला ऊन लागलं. बांते तीन दिवस दुकान बंद करून बसला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो स्वतःवरच संतापलेला होता. गरम हवा फुगते, तेवढ्याच जागेत ती वजनाला कमी भरते, झडपेला हे कळत नाही, ती थंडीतल्या हवेइतकंच पेट्रोल मागते. हे विज्ञानाच्या मास्तरला म्हणजे मलाही सुचलं नव्हतं.

“चूक उनाची नाही जी. हवा किती ते मी इचारलं, गरम का थंडी ते इचारलंच नाही.”

ट्रान्झिस्टर तापून आवाज फाटू नये म्हणून काही रेडिओंत मण्याएवढा एक तुकडा असतो, उष्णता वाढली की वीज कमी-जास्त जाऊ देणारा. तसा एक मणी काढून त्यानं झडपेच्या तोंडाशी, हवेच्या वाटेत लावला आणि पेटीला जोडला. दुसऱ्या दुपारी जीप हायवेवर सरळ पळाली. मागं धूर नव्हता. मी मागच्या सीटवर होतो. बांते पुढं गुलाबशेजारी बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो निवांतपणा होता तो मी पुन्हा कधी पाहिला नाही.

जीप तशीच वर्षाहून जास्त चालली. कुठं अडली नाही.

मग तो अपघात झाला. मी शाळेतून सुटून सायकलवर येत होतो. गावाबाहेरच्या एका फाट्यावर गुलाबनं जीप रस्त्याच्या खाली, कच्च्यावर उभी केली होती. सवाऱ्या अजून यायच्या होत्या, तो एकटाच सीटवर बसून होता. मागून एक ट्रक एसटीला ओलांडायला गेला, समोरून वाहन आलं म्हणून डावीकडे कापला आणि जीपची ड्रायव्हरची बाजू चिरत गेला. त्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असायची. मी पोचलो तेव्हा लोक माती टाकून आग विझवत होते. गुलाबला बाजूला निजवलं होतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

ट्रक होता आमच्या भागातल्या एका बड्या तांदूळ व्यापाऱ्याचा. पोलीस ठाण्याचा जमादार आला. पंच म्हणून शिकलेला माणूस हवा, म्हणून त्यानं मला धरलं. कागदाच्या वरच्या भागात जागा, वेळ, गाडीचा नंबर लिहिला होता. खालचा भाग कोरा होता. सही करा मास्तर, बाकीचं मी लिहितो, म्हणाला. गुलाबला एका टेम्पोत चढवत होते. मला त्याच्याबरोबर जायचं होतं. मी सही केली. कारणं ही अशी सगळी तयार असतात. खरं एवढंच, की कागद कोरा होता आणि मी सही केली.

आठव्या दिवशी गुलाब नागपूरला वारला. त्यानंतर कळलं की पंचनाम्यात काय आहे. इंजिनात रेडिओचं बेकायदा सामान बसवल्यामुळे जीप भर रस्त्यात बंद पडली, त्या सामानातून ठिणगी उडून आग लागली, आणि मागून येणाऱ्या ट्रकला थांबायला वाव मिळाला नाही. खाली माझी सही, ठसठशीत.

गावाला हे पटायला एक दिवस पुरला. ज्यांनी जीप कच्च्यावर उभी पाहिली होती, त्यांनाही ती रस्त्यात दिसायला लागली. मीटरनं गुलाबला जाळला. हवा मोजायला गेला आणि माणूस मारला. हॉटेलात हे बोलणारे लोक दहा वेळा त्या जीपमधून फुकट फिरले होते. शेण याच दिवसांत पडलं. बांतेनं बादली आणली, फळ्या धुतल्या आणि दुकान उघडून बसला.

तो माझ्याकडे आला तो तेराव्यानंतर. दारातच उभा राहिला. आवाज अगदी खाली.

“कागद वाचला होता का, मास्तर?”

मी म्हणालो, तो कोरा होता. त्यानं विचारलं, हे कोर्टात सांगाल? मी हो म्हणालो. बायकोसमोर म्हणालो, शपथेवर म्हणालो.

जळालेली जीप पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. तिथल्या चौकीदाराचा रेडिओ कधी काळी बांतेनं दुरुस्त केला होता. त्यानं आत जाऊ दिलं आणि बांते जीपमधली आपली विजेची पेटी काढून घेऊन आला. ती दुकानात टेबलावर ठेवलेली असताना गुलाबची बायको कमला आली. मी तिथं होतो. ती भांडायला आली होती. नवऱ्याच्या नावानं नाही, बांतेच्या नावानं रडत होती, शिव्या देत होती. तिचं संपेपर्यंत बांते हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला. मग त्यानं पेटीचं झाकण काढलं. वरून काजळी होती. आत सोल्डरचे सगळे टाके जसेच्या तसे चकचकत होते. त्यानं इस्त्री, म्हणजे टाके मारायची ती विजेची दांडी, तापवली आणि एका टाक्याला नुसती टेकवली. टाका पाण्यासारखा ओघळला.

“एवढ्यानं वितळते हे. आग इथून लागली असती, तर यातलं एक तरी उरलं असतं का? तूच पाहा वहिनी. माह्यावर भरवसा नको ठेवू.”

कमलानं पेटी हातात घेतली. एकेक टाका पाहिला. मला वाटतं तिनं सगळे मोजले. तिनं क्षमा वगैरे मागितली नाही. पेटी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि विचारलं की कोर्टात कधी जायचं आहे.

केस उभी राहायला तीन वर्षं लागली. बांते प्रत्येक तारखेला जायचा, कमलाही. पेटी कापडात गुंडाळून नेलेली असायची. शेवटी ती पुढं करायची वेळ आली तेव्हा ट्रककडच्या वकिलानं विचारलं, ही वस्तू जप्तीच्या यादीत आहे का. नव्हती. कोणी काढली? बांते म्हणाला, मी. वकील हसला. पेटी बाजूला ठेवली गेली. ती कुणी उघडूनसुद्धा पाहिली नाही. आता उरलो होतो मी.

आदल्या दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं होतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि तो तांदूळ व्यापारी साडू. हेडमास्तर चांगले गृहस्थ होते, त्यांनी धमकी दिली नाही. एवढंच म्हणाले की तीन वर्षांपूर्वीचं कोणाला नीट आठवत नसतं, आणि तुम्ही अजून कायम झालेले नाहीत. मला दोन मुली होत्या. हेही तयार कारणांपैकीच एक.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलानं विचारलं, तुम्ही सही केली तेव्हा खालचा मजकूर लिहिलेला होता का. बांते तिसऱ्या बाकावर बसला होता, मांडीवर ते कापडाचं गाठोडं. शेजारी कमला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हणालो, आता आठवत नाही.

ड्रायव्हर सुटला. निकालात जीपमधल्या बेकायदा सामानाचा उल्लेख होता, पंचांच्या सहीचाही. शाळेनं मला पुढच्या जूनमध्ये कायम केलं. लोक मला नमस्कार करत राहिले. बांतेकडे मात्र रेडिओ येईनासे झाले. ज्या माणसाच्या हातून माणूस जळाला त्याच्याकडे कोण जाणार? वर्षभर तो रिकाम्या टेबलामागं बसून होता. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं. शाळेला मागच्या गल्लीतून लांबच्या वाटेनं जायचो. पानठेलेवाल्यानं एकदा मला विचारलं, मास्तर, आता इकडून काहून येत नाही? मी काहीतरी सांगितलं.

कोणी म्हणेल, यात बांतेचीही चूक होती, त्यानं पेटी स्वतः काढायला नको होती. असं म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांना मी घराबाहेर काढलं आहे. स्मरणिकेवाल्यांना बांते हवा आहे, पण तो कसा गेला ते नको आहे. त्यांना झडप हवी आहे, फाटा नको, पंचनामा नको, मी नको.

शेवटचा मी त्याला पाहिला तो एका सकाळी. दुकान आवरून तो करडीला परत चालला आहे असं कळलं आणि मी न राहवून गेलो. दारात भावाची बैलगाडी उभी होती. सामान बहुतेक चढलं होतं. राहिलं होतं ते कामाचं टेबल, सागाचं, जड. बांते एकटाच ते उंबऱ्यावरून बाहेर ओढत होता. मी पुढं झालो आणि दुसरी बाजू धरली. माझ्या साक्षीनंतर पहिल्यांदा आम्ही इतके जवळ आलो होतो. मी काही बोलणार होतो. काय ते तेव्हाही ठरलं नव्हतं.

त्यानं टेबल खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं.

“सोडा जी,” तो म्हणाला.

मी हात काढले. कमला गाडीपाशी दोर बांधत होती. ती आली, पदर खोचला आणि टेबलाची ती बाजू उचलली. दोघांनी टेबल गाडीत चढवलं, दोर घट्ट केला. भावानं बैलांना हाक दिली, बांते आणि कमला गाडीमागून चालू लागले. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, आणि त्या दोघांपैकी कोणीच मागं वळून पाहिलं नाही.